आईच्या चेहऱ्यावरचा पिवळा

माझे वडील हाताने फोटो रंगवायचे आणि मी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये कामाला होते. वडिलांना मी अण्णा म्हणायची. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ते कापसाने पातळ रंग चढवत, ओठ, साडीचे काठ, केसांतलं फूल. नव्वद साल उलटेपर्यंत ते काम जवळपास संपलं होतं. स्टुडिओवाले आता फक्त गेलेल्या माणसांचे जुने फोटो त्यांच्याकडे पाठवायचे. त्याच सुमारास मला जयनगरच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. आमचं घर यशवंतपूरला, दोन बसचा प्रवास.

माझं काम रंग दुरुस्त करण्याचं. मशीनच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो दिसायचा आणि हाताशी पिवळा, गुलाबी, निळा कमी-जास्त करायची बटणं. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट यायचा, बल्बखालचा पिवळट. जास्तीचा रंग ओळखायचा, काढून टाकायचा, की पुढचा फोटो. अण्णांना मशीनचे रंग आवडत नसत, पण मला त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती.

"चेहरा बघून रंग ठरवू नकोस. आधी चित्रातलं पांढरं शोध. शर्ट असेल, भिंत असेल. ते पांढरं झालं की चेहरा जसा आहे तसाच समज."

त्या वर्षी गौरीच्या दिवशी मी लॅबमधून कॅमेरा मागून आणला. आई-अण्णांचा एकत्र असा रंगीत फोटो आमच्या घरात एकही नव्हता. आई आधी नकोच म्हणत होती. बरेच दिवस तिला थकवा होता, हातापायांना खाज सुटायची. साबण बदलून झाला होता.

"स्वल्प थांब गं, साडी तरी बदलते," म्हणाली आणि गौरीशेजारी येऊन बसली. तिच्या बाजूला बल्ब होता, अण्णांच्या बाजूला खिडकी.

चार-पाच दिवसांनी तो फोटो मशीनच्या पडद्यावर आला. आई पिवळी दिसत होती. मी सवयीने पिवळा कमी केला. चेहरा ओळखीचा झाला, पण अण्णांचं धोतर निळं पडलं. पिवळा परत वाढवला, तर धोतर पांढरं आणि आई पिवळी. दोन-तीनदा मी मागेपुढे केलं. मग म्हटलं, बल्ब तिच्याच बाजूला होता ना. आईचा चेहरा नीट ठेवला आणि फोटो छापला.

आईने तो हातात घेतला आणि हसली. "अय्यो, तुमच्या धोतराला नीळ केवढी झालीय!"

"कुठे? बरोबर आहे की," अण्णा म्हणाले. "चांगला छापलाय."

माझ्या कामाला त्यांनी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मला वाटलं, माझं मन राखताहेत.

तीन आठवड्यांनी शेजारच्या अक्का दोन महिने माहेरी राहून परत आल्या. आईला बघून दारातच थबकल्या.

"अगं, तुझे डोळे असे हळदीसारखे कशाने झालेत?"

त्याच दिवशी आम्ही आईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तिला खिडकीशी उभं केलं आणि खालची पापणी ओढून पाहिली.

"किती दिवस झाले?"

"आम्हाला तर आजच कळलं," अण्णा म्हणाले. मी मनात फोटो छापल्यापासूनचे दिवस मोजले.

पित्ताच्या वाटेवर गाठ होती. महिनाभर आधी आला असतात तर ऑपरेशनचा विचार करता आला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. कदाचित, असंही म्हणाले. मला पहिलंच वाक्य लक्षात राहिलं. संक्रांतीच्या आत आई गेली.

तेराव्याच्या आधी फ्रेम करायला अण्णांनी तोच फोटो काढला.

"तो नको, अण्णा," मी म्हणाले. "त्यातला पिवळा मी काढून टाकलाय."

"म्हणजे?"

"मशीनवर ती पिवळीच दिसत होती. पिवळा काढला की धोतर निळं पडत होतं. मला कळायला हवं होतं. मी बल्बवर ढकललं."

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "जसा होता तसा छापून आण."

दुसऱ्या दिवशी मी धोतर पांढरं ठेवून फोटो छापला. आईचा चेहरा, गळा, डोळ्यांचे कोपरे, सगळं उघड होतं. लॅबमध्येच मला रडू फुटलं. घरी आल्यावर अण्णा तो घेऊन खिडकीशी गेले. दूर धरला, जवळ धरला. मग दुसऱ्या हातात आधीचा फोटो घेतला.

"कुठे आहे पिवळा?" त्यांनी विचारलं. "मला तर दोन्ही सारखेच दिसताहेत."

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकत आलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना बरीच वर्षं सगळं पिवळट काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणलं तेव्हा अण्णांनी चहा नको म्हटलं आणि दुसऱ्यांदा छापलेला फोटो मागितला. आधी नव्या डोळ्याने पाहिला, मग तो झाकून जुन्याने. असं ते किती वेळ करत होते. मी शेजारी बसून होते.

"रोज समोर बसून वाढत होती मला," शेवटी एवढंच म्हणाले.

मी त्यांना दोष दिला नाही, त्यांनी मला दिला नाही. पण त्यानंतर घरात रंगांबद्दल बोलणं बंद झालं. पुढच्या महिन्यात स्टुडिओतून कुणाच्या तरी आजोबांचा फोटो रंगवायला आला. आता दिसत नाही, असं सांगून अण्णांनी तो परत पाठवला. खरं तर तेव्हा त्यांना स्वच्छ दिसत होतं.