नमुना क्रमांक तीन

आमचे राहाता गावचे घरमालक जन्माला आले ते वस्तू तपासायला. जगायचं काम त्यांनी फावल्या वेळात केलं, असं माझं ठाम मत आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढल्यावर माणसाला थोडी खोड लागणारच, पण यांची खोड घरभर पसरलेली होती. उसाच्या रसातली साखर मोजायची एक दुर्बिणीसारखी नळी असते. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत आकडा दिसतो. निवृत्तीच्या समारंभात यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि ही नळी यांनी मागून घेतली. ती कायम सदऱ्याच्या खिशात असे. बाजारात कलिंगडवाल्यानं "साखर हाय साहेब, साखर" म्हणायची खोटी, नळी बाहेर यायचीच. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलबीचा पाक काचेवर घेतला आणि "बहात्तर" असं मोठ्यानं जाहीर केलं. मुलीच्या बापाला वाटलं काहीतरी कमी पडलं, बिचारा हात जोडून समोर येऊन उभा राहिला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. अशा माणसाला निवृत्तीच्या वर्षीच मधुमेह व्हावा, हा दैवाचा चावटपणाच म्हणायचा. आणि तोही त्यांनी स्वतःच शोधून काढला. घरच्या परीक्षानळीत लघवी तपासली, रंग विटकरी झाला, तो आधी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना दाखवला, मग वहीत लिहिला आणि शेवटी जाऊन डॉक्टरांना कळवलं. साखर त्या दिवसापासून बंद. पण चहाचं काय करायचं? काकूंनी बिनसाखरेचा दुधाचा चहा करून दिला, तो त्यांनी दोन दिवस प्यायला आणि तिसऱ्या दिवशी कप खाली ठेवला. "ज्याची साखर काढून घेतली, त्याच्याशी आता नव्यानं संसार नको," ते मला म्हणाले. "मास्तर, ज्याला साखर कधी माहीतच नाही, असा चहा बघायला पाहिजे." त्यांचा जावई लष्करात होता, तेव्हा आसामकडे. त्यानं सुट्टीवर येताना हिरव्या चहाचा एक पुडा आणला. राहात्यात हिरवा चहा म्हणजे परसातला गवती चहा, एवढंच ठाऊक होतं. हा निराळाच निघाला. वाळलेली पानं गरम पाण्यात टाकायची, दूध नाही, साखर नाही, उकळायचंसुद्धा नाही. आमच्या केमिस्टांना तो एकदम पटला, कारण त्यात थर्मामीटर वापरता येत होता.

घोटाळा झाला तो भाऊसाहेबांमुळे. भाऊसाहेब म्हणजे गावाबाहेरच्या पेरूच्या बागेचे मालक, केमिस्टांचे वीस वर्षांचे दोस्त. रोज दुपारी चारला ते ओट्यावर येऊन बसायचे, काकू दोन कप चहा आणायच्या, आणि मग दोघं तासभर पाण्याची पाळी, पेरूचा भाव आणि आपापले गुडघे यांवर बोलायचे. निम्मा वेळ तर बोलायचेही नाहीत. हिरव्या चहाच्या पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी मोठा घोट घेतला, तो तोंडात तसाच धरला, थुंकायला कुठं जागा आहे का ते पाहिलं आणि केवळ दोस्तीखातर गिळून टाकला. मग कपात डोकावून म्हणाले, "साहेब, ह्यात चहा टाकायचा ऱ्हायला का?"

काकू लगेच त्यांच्यापुरता नेहमीचा चहा टाकायला निघाल्या, तर त्यांनी हात आडवा केला. "साहेबांनी ह्या पान्याकडं बघत बसायचं आन म्या फुरके मारायचे? न्हाई जमायचं वहिनी." आता आमच्याकडची रीत अशी, की घरी आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जात नाही, आणि ज्या घरचा चहा घेता येत नाही त्या घरी माणूस जात नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबांना बरोबर चार वाजता बागेत काम निघायला लागलं. निरोप यायचा, "पानी धरायचंय." पंधरा दिवस हा माणूस पाणीच धरत होता. इकडे आमचे घरमालक चारला ओट्यावर येऊन बसायचे, घड्याळ बघायचे, चार वीसला आत जायचे. साखर सोडताना ज्यांनी हूं की चूं केलं नाही, ते आता जेवणावरून अर्धवट उठायला लागले. काकूंनी एक दिवस मला थांबवून सांगितलं, "मास्तर, तुमच्या काकांना साखरेपेक्षा हे लागलंय हो."

आणि मग तपासणी सुरू झाली. भाऊसाहेबांना आवडेल असा हिरवा चहा जगात कुठंतरी असलाच पाहिजे, या सिद्धांतावर त्यांनी जावयाला चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभरानं कापडात शिवलेलं, लाखेचं सील मारलेलं पार्सल आलं. आत पाच प्रकारचे पुडे. त्यांना एक ते पाच नंबर पडले, आणि घरभाडं देतो या एकाच गुन्ह्यासाठी मला परीक्षक नेमण्यात आलं. माझी बायको पहिल्याच दिवशी माहेरची आठवण काढून निसटली. मी सापडलो. पाणी उकळून ऐंशी डिग्रीवर उतरेपर्यंत बसायचं, मनगटी घड्याळाकडे बघत दोन मिनिटं पानं भिजवायची, आणि घोट घेतल्यावर "बरा आहे" म्हणायची सोय नाही. "बरा हा शेरा नव्हे मास्तर, कशासारखा लागतो ते सांगा." पहिल्याला मेथी निवडलेल्या हातांचा वास होता. दुसरा धुरकट, शेगडीशेजारी बसून प्यावा तसा. चौथा इतका तुरट की मला दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांवर ओरडता येईना. तिसरा मवाळ होता, कणीस उकडलेल्या पाण्यासारखा, मागून किंचित गोडसर. पाचव्याचा घोट घेतल्यावर मात्र घरमालकांनी स्वतःच पुन्हा कप भरून घेतला. माझं मत विचारायलाही विसरले. "हा आधी काही बोलतच नाही," शेवटी म्हणाले, "गिळून झाल्यावर मग सावकाश सांगतो." वहीत त्यांनी पाचव्यावर पाऊण पान लिहिलं.

पण भाऊसाहेबांसाठी निवडला गेला तीन नंबर, कारण त्यात सापडली तर थोडी गोडी सापडत होती. मी स्वतः बागेत जाऊन आमंत्रण दिलं. भाऊसाहेब आले, सासुरवाडीला आल्यासारखे अवघडून बसले. काकूंनी आतून कप आणले. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घोट घेतला, मग डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि सगळा चहा पिऊन मिशा पुसल्या. "हां. ह्यो जमला," ते म्हणाले. "ह्यो लई ग्वाड हाय." घरमालकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्याच रात्री जावयाला पत्र गेलं : तीन नंबर, दोन किलो. आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजता ओट्यावर पुन्हा दोन माणसं दिसायला लागली.

पुढे काही महिन्यांनी माझ्या हातून भाऊसाहेबांचा कप उचलला गेला. एक घोट घेतला आणि थबकलो. चांगली दोन चमचे साखर होती त्यात! मान वर केली तर दारात काकू उभ्या. त्यांनी हात जोडले. मी कप जागेवर ठेवून दिला. पण मास्तरकीचा किडा वाईट. एका थोर संशोधनाची आपल्या डोळ्यांदेखत फसवणूक चाललीय, या विचारानं माझी झोप उडाली. आठवड्याभरानं सकाळच्या फिरण्यात मी चाचरत चाचरत घरमालकांना सांगून टाकलं.

ते चालायचे थांबलेसुद्धा नाहीत. "दोन चमचे," म्हणाले. "सणावाराला अडीच."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की ज्या माणसानं अख्ख्या राहात्याची साखर मोजली, त्यानं खिशातली ती नळी भाऊसाहेबांच्या कपाजवळ एकदाही नेली नव्हती.

"पहिल्याच दिवशी दिसलं मला," ते म्हणाले. "साखरेचा चहा कपाच्या काठावरून उतरताना जरा रेंगाळतो. चौतीस वर्षं दुसरं काय पाहिलं मी? आता हिला वाटतं मला कळत नाही, भाऊसाहेबांनाही तसंच वाटतं. चाललंय ते चालू द्या."

"पण मग ते दोन किलो? ते संशोधन?"

"संशोधन बरोबर आहे हो. वहीत आहे सगळं." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का मास्तर, मला पाच नंबर आवडला होता. फार आवडला होता. पण भाऊसाहेबांनी तीनला हो म्हटलं ना. दोन जणांनी ओट्यावर बसून दोन वेगळे चहा प्यायचे, तर मग बसायचं कशाला?" आणि ते कणसाचं पाणी हा माणूस पुढे चार वर्षं रोज, तक्रार न करता प्यायला. मला त्यांचा इतका लोभ वाटला, की त्या दिवशी भाडं तारखेच्या आधी देऊन आलो.

पुढे माझी बदली झाली. जावई लष्करातून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाला आणि लेकीनं आई-वडिलांना तिकडे नेलं. राहात्याचं घर बंद झालं. त्यानंतर एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा मांडवात भाऊसाहेब भेटले. बरेच थकले होते. तिकडची खुशाली विचारून झाल्यावर मी गमतीनं विचारलं, "काय भाऊसाहेब, तो हिरवा चहा आठवतो की नाही?"

"लई वंगाळ चहा हुता, मास्तर," ते म्हणाले. "वहिनी साखर घालायच्या, तवा तर आनखीच वंगाळ लागायचा. पर आता त्यांनी येवढं केल्यावर, म्हनलं, ग्वाड हाय म्हनायचं."

मी हसायला लागलो. तेही हसले, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिले.

"अजून चार वाजलं की चपला घालतो म्या," ते म्हणाले. "सून इचारती, मामा, कुठं निघाला. मंग काढून ठिवतो."