डोळ्यांवरची काळी पट्टी

पडद्यावर एका बाईची उघडी पाठ होती. एवढी मोठी केलेली, की मागच्या रांगेतूनही पाठीवरचा एकेक फोड दिसत होता. एक हात डोक्यावर धरायला लावलेला. मान खांद्याकडं वळवलेली. डोळ्यांवर काळी पट्टी. सर म्हणाले, "हे बघा आदर्श उदाहरण. नाव नाही, गाव नाही. ओळख पूर्ण लपवलेली. आता ही बाई नाही, फक्त केस आहे."

थंडीचे दिवस होते, तरी हॉलमध्ये एसी चालू होता. माणसांवर संशोधन करताना नीती कशी पाळायची, याचं ते ट्रेनिंग. सर पुण्याहून आले होते. पुढच्या गादीच्या खुर्च्यांवर डॉक्टर, प्राध्यापक, पीएच.डी. करणारी मुलं. मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही, गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या पोरी. सकाळी पाहुण्यांना पिशव्या आणि पेनं वाटून झाली, तेव्हा आमच्या प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, बसा तुम्हीही मागं, चार शब्द कानावर पडतील. सर्टिफिकेट मात्र पुढच्यांना. बायांच्या दारात जाऊन संमती घेणार आम्ही, आणि नीती शिकणार ते.

पुढच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं की अशा अडाणी बायकांना संमती म्हणजे काय, ते कळतं तरी का. सर हसले. म्हणाले, "एक अंगठा मागा, त्या दोन्ही देतील."

हॉल हसला. मॅडम हसल्या. मागच्या रांगेतल्याही एकदोघी हसल्या, कारण मोठी माणसं हसली की हसायचं असतं. मी त्या डोक्यावर धरलेल्या हाताकडं बघत होते. मनगटाच्या वर, हिरव्या अक्षरांत, एक नाव गोंदलेलं होतं. ते माझं नाव होतं.

आमच्याकडं बाया भावाचं नाव गोंदतात, नवऱ्याचं गोंदतात. माझ्या मायनं लेकीचं गोंदलं. मी कडेवर होते तेव्हा वेरूळच्या जत्रेत, मशीनवाल्यासमोर बसून. बरोबरच्या बाया तिला हसल्या होत्या. पोरगी म्हणजे परक्याचं धन, तिचं नाव कशाला अंगावर मिरवायचं. माय त्यांना म्हणाली, हातावर हाय तवर माझी हाय. हा किस्सा ती आल्यागेल्याला सांगायची. मायला वाचता येत नाही. माझं नाव तेवढं ती बोट फिरवून ओळखते.

आणि या शिकलेल्यांनी तिचे डोळे झाकले होते, हात तसाच ठेवला होता. एवढ्या पदव्यांची माणसं त्या हॉलमध्ये बसलेली. ते नाव कुणालाच दिसलं नव्हतं. दिसणार कसं? पडद्यावर त्यांना माणूस दिसतच नव्हतं.

मी उभी राहिले. माझ्या शेजारी शाहीन बसली होती, माझ्याबरोबर फील्डवर येणारी मैत्रीण. तिनं माझी ओढणी धरली. हळूच म्हणाली, "बैठ जा, नौकरी जाएगी." नोकरी जाणार हे मलाही कळत होतं. पण पडद्यावर माझी माय उघडी उभी होती आणि माझ्याच्यानं बसवेना.

मी म्हणाले, "सर, ते बंद करा. ती माझी आई आहे."

सरांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. म्हणाले, "पण तुला कळलं कसं? ओळख तर लपवलीय."

मी म्हणाले, हातावर माझं नाव आहे. तेव्हा अख्ख्या हॉलनं पहिल्यांदा तो हात पाहिला. नाव वाचलं. मग एकेक मान मागं वळली आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचू लागली. कुणी पुटपुटून दोन्ही जुळवून पाहिलं. मी ओळखपत्र मुठीत झाकून घेतलं. फोटो मात्र अजून तसाच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी मीच पुढं गेले आणि प्रोजेक्टरची वायर उपटली.

चहाच्या सुट्टीत मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, माफी मागतील. अजून तेवढी भाबडी होते मी. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि गोड आवाजात समजावू लागल्या. भावनेच्या भरात असं करायचं नसतं. बाहेरचे पाहुणे आलेत, संस्थेची शोभा होते. तो फोटो जुन्या अभ्यासातला, फवारलेल्या कापसात वेचणी करणाऱ्या बायकांच्या कातडीचा. त्या अभ्यासाचं देशात नाव झालं. त्यात तुझ्या आईचाही वाटा आहे, तुला अभिमान वाटायला हवा.

मी विचारलं, आईची संमती घेतली होती का?

मॅडम म्हणाल्या, घेतलीच असणार, पण तेव्हाचे कागद आता सापडत नाहीत. आणि आता तू सगळ्यांसमोर बोललीस, म्हणजे नीतिसमिती विचारणार. मग त्यांनी ड्रॉवरमधून संमतीचा एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "गावी जाऊन ये. आईचा अंगठा आण. जुनी तारीख आम्ही टाकतो. तू मुलगी आहेस, तुला नाही म्हणणार नाहीत." उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या प्रकल्पात सुपरवायझरची जागा आहे, तुझंच नाव डोक्यात आहे, असंही म्हणाल्या. बाहेर सरांचं पुढचं सत्र सुरू झालं होतं. विषय होता, संशोधकाचा प्रामाणिकपणा.

शहरात राहायचे त्या पुंडलिकनगरातल्या खोलीवर गेले, कपडे घेतले, सोयगावची एसटी धरली. रस्ताभर कागद पिशवीत होता. खोटं कशाला बोलू, सुपरवायझरची जागा डोक्यात घोळत होती. गावात आमच्या वस्तीतून एवढं शिकलेली मी एकटी. माझ्या पगारावर घराला पत्रे आले, भावाचं कॉलेज चाललं. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही म्हणतात. पण झाकणाऱ्याच्या घरी पगार होतो, हेही खरं.

माय वेचणीवरून नुकतीच आली होती. वर्षानुवर्षं जिथं वेचते, त्याच मालकाच्या वावरातून. पाय धूत होती. मी सांगायला सुरुवात केली आणि मलाच शब्द सापडेनात. फोटो म्हणाले, कागद म्हणाले, मग नोकरीचं म्हणाले. तिनं नोकरी एवढंच ऐकलं. ओला हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढं केला.

"आण इकडं. कुठं लावायचा?"

माझ्या पिशवीत शाईचा पॅड होता. फील्डच्या पिशवीत तो कायम असतो. मी तो बाहेर काढला, झाकणसुद्धा उघडलं. मायचा अंगठा बोंडाच्या टोकांनी चिरलेला होता. आणि मला सरांचं हसू ऐकू आलं.

सर म्हणाले तेच घडत होतं. माय अंगठा देत होती, दुसरा मागितला असता तर तोही दिला असता. पण कळत नव्हतं म्हणून नाही. तिला सगळं कळत होतं. तेव्हा मालक काम काढून घेईल म्हणूनच तिनं पाठ दिली असणार. आता लेकीची नोकरी जाईल म्हणून अंगठा देत होती. नाही म्हणायची सोय तिला कधी कुणी ठेवलीच नव्हती. तेव्हा तिच्यापुढं मालक उभा असणार. आज त्याच्या जागेवर मी उभी होते, तिच्या पोटची पोर, हातात शाई घेऊन. मला माझी शिसारी आली.

मी पॅड बंद केला. म्हणाले, माय, आधी ऐक. आणि मग सगळं सांगितलं. हॉल, पडदा, पट्टी, हसणं. काही गाळलं नाही.

तिनं विचारलं, "गडीमाणसं व्हती?"

"होती."

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. स्वतःच्या घरात, माझ्यासमोर. मला वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

मग तिनं मला ते सांगितलं जे एवढ्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत होते. मालकानं वेचणी थांबवून सगळ्या बाया फवारणीची औषधं ठेवायच्या शेडमध्ये नेल्या होत्या. शहरातून डॉक्टर आलेत, म्हणाला, सांगतील तसं करा, जी करणार नाही तिनं उद्यापासून येऊ नये. आत मोठा दिवा लावलेला. एकेकीला पाठ उघडी करायला सांगितलं. मायनं चोळी काढली, पण तोंडावर पदर धरून ठेवला. तोंड दिसत नसलं की थोडं सोसतं, म्हणाली. तर एक चष्मेवाली बाई पुढं आली.

"तिनंच वढला पदर. वरडली नाय. हळूच वढला, माया केल्यावानी. म्हणली, लाजू नका मावशी."

मी कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी आम्हा पोरींना हे शिकवलं होतं. बाई अडली की म्हणायचं, लाजू नका मावशी. लगेच ऐकतात. मी ते वाक्य कितीतरी दारांत म्हटलं होतं, मॅडमच्याच आवाजात. ते आता मायच्या तोंडून ऐकत होते. मायनं स्वतःचं तोंड स्वतःच झाकलं होतं. ते यांनी उघडं केलं. मग ऑफिसात बसून त्याच तोंडावर काळी पट्टी चिकटवली आणि तिला नीती म्हणाले. मायनं शेवटी एवढंच सांगितलं, की फोटो झाल्यावर मलमाची एक ट्यूब दिली, आणि बाया परत कपाशीच्या सऱ्यांत वेचायला गेल्या.

माझ्या जिभेवर तक्रार होती, पेपर होता, मोर्चा होता. पण पॅड बंद केल्यावर एक गोष्ट कळली होती. हे सगळं तिचं होतं, माझं नाही. म्हणून विचारलं, "माय, हे मी लोकांत सांगू का? नाही म्हणालीस तरी चालेल. मी रागावणार नाही."

असं तिला आयुष्यात कुणी विचारलेलं नसावं. ती म्हणाली, इचार करून सांगते. मी बरं म्हणाले.

परत आल्यावर कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. कोरा. त्यांनी विचारलं, आई नाही म्हणाली का. मी म्हणाले, आई हो म्हणाली होती. मी घेतला नाही. मॅडमना ते समजेना. मग अडचण काय, म्हणाल्या. मी म्हणाले, तीच तर अडचण आहे. मग विचारलं, शेडमध्ये पदर ओढणारी बाई तुम्हीच होता ना?

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आता नाही आठवत गं. इतक्या बायका होत्या."

खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या खरं बोलत होत्या. माझ्या मायला ती बोटं, तो आवाज, तो चष्मा एवढी वर्षं आठवत होता. यांना काहीच आठवत नव्हतं.

महिना संपला आणि माझं काम संपलं. कारण दिलं की नवीन प्रकल्पात जागा नाहीत. माझ्या जागेवर नवीन पोरगी आली. शाहीननं सांगितलं की तिलाही पहिल्या दिवशी तेच वाक्य शिकवलं. आता मी एका शिकवणीत पोरांना शिकवते. घरात ओढाताण आहे. भाऊ नीट बोलत नाही, तुझ्या तत्त्वांनी माझी फी भरायची का, म्हणतो.

मायचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. इकडचं तिकडचं बोलली, कपाशीचं बोलली. मग म्हणाली, "सांग लोकास्नी. पण एक कर. पदर नव्हता असं लिहू नको. वढला असं लिही."

तसंच लिहिलंय. नीतिसमितीकडं तक्रार दिली, तिची पहिली ओळ तीच आहे. इथंही तेच लिहितेय. इथं माझं नाव मात्र लिहीत नाही. ते लिहिलं की तिचा हात ओळखू येईल, आणि तिला अजून त्याच वावरात जायचं आहे. तिनं सांगायला हो म्हटलंय, दाखवायला नाही. एवढा फरक मला हॉलमध्ये कुणी शिकवला नाही.

समितीचं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत बसलेली नाही. सुट्टी मिळाली की गावी जाते आणि त्या शेडमधल्या बायांची दारं गाठते. काही मेल्या, काही भुसावळकडं, सुरतेकडं गेल्या. ज्या आहेत त्यांच्यापाशी बसते. तुमचा फोटो अजून त्या संस्थेकडं आहे, सांगते. तो परत पाहिजे का, विचारते. ज्या घाबरून नको म्हणतात, त्यांच्याकडचा चहा पिऊन उठते. ज्या पाहिजे म्हणतात, त्यांचा फोटो मी मागणार आहे. एकेक पाठ परत मागणार आहे.

आणि पुढचं ट्रेनिंग लागलं की मी जाणार आहे. बोलावणं येणार नाही, तरी जाणार आहे. पिशव्या वाटायला नाही. पहिल्या रांगेत बसणार आहे, गादीच्या खुर्चीवर. आणि पडदा उजळायच्या आधी उभी राहून विचारणार आहे, आज कुणाची माय दाखवणार आहात?