‘कन्हान’ कलली तेव्हा

मनोहर गजभिये यांनी मला एकदा वजन म्हणून वापरलं. त्याबद्दल मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.

अमेरिकेत, पार्सिपनीत ते आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. नोकरी फोन कंपनीत. वीस वर्षं एकच काम, लाइन कुठे बिघडली ते शोधायचं. त्यामुळे त्यांच्या घरात कुठलीही वस्तू दहा मिनिटांत दुरुस्त होत नसे. आधी कागद यायचा, मग चौकोन, मग बाण. टोस्टर बिघडला तर त्याचाही नकाशा निघायचा, आणि तोवर सुलेखावहिनी तव्यावर ब्रेड भाजून मोकळ्या व्हायच्या.

अशा माणसाने पंचाण्णव साली सव्वीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. इथे आलेली आपली माणसं घर घेतात, दुसरी गाडी घेतात. बोट कोण घेतं? रॅरिटन बे या खाडीच्या काठावर, घरापासून तासाभराच्या रस्त्यावर त्यांनी ती बांधून ठेवली आणि तिचं नाव ठेवलं ‘कन्हान’. ही त्यांच्या गावची नदी, नागपूरजवळची. मी चेष्टेने विचारलं, “दादा, हे खूळ कुठून घेतलंत?” ते चहा ओतत होते. म्हणाले, “गावात आमच्या वस्तीचा घाट वेगळा होता, खालच्या अंगाला. वरचं पाणी नुसतं बघायचं. मला एकदा पाण्यात मधोमध जाऊन बसायचं होतं.” आणि कपात साखर घालून पुढचं बोलायला लागले.

वहिनींचं बोटीशी भांडण नव्हतं, थंडीशी होतं. दादांना नोव्हेंबरातही पाण्यावर जायचं असे आणि बोटीतला डिझेल हीटर दर वेळी दगा देई. दोन वर्षं त्या घोंगडीत गुंडाळून बसल्या. सत्याण्णवच्या ऑक्टोबरात त्यांनी निकाल दिला, “थँक्सगिव्हिंगच्या आत हीटर लागला नाही तर बोट विकायची.” दादांनी शब्द दिला. वहिनींनी लगोलग पेपरात जाहिरातही देऊन टाकली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी बाई, रिपोर्ट लटकत ठेवणं त्यांना जमत नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगआधीच्या शनिवारी दुपारी तीनला गिऱ्हाईक येणार होतं. दादांनी मला सकाळी दहालाच उचललं. वहिनी बोटीचे कागद आणि डबा घेऊन मागून येणार होत्या.

मी बोटीच्या केबिनमध्ये शिरलो तर भिंतीवर नकाशा तयार. टाकी, नळी, फिल्टर, पंप, हीटर. बटण दाबलं की पंखा फिरायचा, छोटा पंप टक टक टक करायचा, आणि चार मिनिटांनी सगळं गप्प. ज्योत पेटायचीच नाही. दादांनी बॅटरी तपासली, ठीक. फिल्टर उघडला, स्वच्छ. पंपाच्या अलीकडची पारदर्शक नळी पाहिली, तर तेलाऐवजी हवाच सरकत होती. “कुठूनतरी हवा घेते आहे,” ते म्हणाले. मग नळीवरचा एकेक क्लॅम्प आवळण्यात दोन तास गेले. माझं काम टॉर्च धरणं आणि शिव्या खाणं.

शेवटी दादांनी नळी पंपापासून सोडवली. “यतीन, टाकीला कान लाव. मी फुंकतो.” मी डिझेलच्या वासात कान लावून पडलो. त्यांनी फुंकलं.

“काही ऐकू आलं?”

“काही नाही.”

“मस्त. म्हणजे लाइन क्लिअर आहे.” आणि नकाशावर टाकीच्या चौकोनात बरोबरची खूण केली. मीही मान डोलावली. दोन इंजिनिअर, दोघांच्या भिंतीवर डिग्र्या.

अडीचला वहिनी आल्या. दादा नळी तोंडात धरून, मी टाकीला मिठी मारून. “काय करून राहिले तुम्ही दोघं?” दादांनी नकाशा समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “नळी तेलात बुडाली असती तर फुंकल्यावर बुडबुड आली नसती का?”

दादांनी टाकीच्या चौकोनावर बोट ठेवलं.

“पण टाकीत पाव भाग तेल आहे,” दादा म्हणाले. “इंजिन चालतं नं त्याच्यावर.”

“इंजिनाची नळी वेगळी असेल.”

वेगळीच होती. इंजिनाची तळापर्यंत जाते. हीटरची मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे हीटरने सगळं तेल पिऊन परतीची पंचाईत व्हायला नको. दादांनी नकाशात दोन्ही सारख्या काढल्या होत्या. आणि टाकी कायम पाव का? कारण नागपुरातल्या स्कूटरची सवय, लागेल तेवढंच भरायचं.

आता तेल आणायला वेळ नव्हता. वहिनी एकदम हसायला लागल्या. “सीताबर्डीवर स्कूटर बंद पडली की तुम्ही काय करायचे? मला खाली उतरवायचे आणि तिला आडवी करायचे. मग चला, आडवी करा.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटाकडे, खरं तर. हीटरची नळी टाकीच्या डाव्या अंगाला होती. मला डावीकडच्या कठड्याला टेकून बसवलं, शेजारी वहिनी, आमच्या मांड्यांवर नांगराची साखळी आणि अवजारांची पेटी. ‘कन्हान’ मुकाट्याने कलली. खाली टक टक टक सुरू झालं. एकदा गप्प झालं. दादांनी पुन्हा बटण दाबलं. मग आतून हळू घुर्र आवाज आला, बाहेरच्या नळीतून धूर निघाला, आणि दादा ओरडले, “लागला, लागला. हलू नका.”

मी हललो नाही. वहिनी मात्र आत गेल्या आणि त्यांच्या जागी दादांनी पाण्याचे दोन कॅन ठेवले. आत बसलेली ती दोघं मला खिडकीतून दिसत होती. वहिनींनी घोंगडी बाजूला टाकली, स्वेटरसुद्धा काढला, आणि गरम हवेच्या तोंडाशी पाय पसरून बसल्या. दादा काळ्या हातांनी डबा उघडत होते. दोघंही वाकड्या बोटीत वाकडे बसले होते आणि इतके खूश होते की मला त्यांचा हेवा वाटला. बाहेर वारा माझ्या कानात शिरत होता.

तीनला गिऱ्हाईक आलं. उंच, लाल टोपीवाला, भला माणूस. त्याने आधी कललेली बोट पाहिली, मग मांडीवर साखळी घेतलेल्या मला. वहिनी दारातून डोकावल्या आणि माफी मागत म्हणाल्या की बोट विकायची नाहीये. तो दीड तास गाडी चालवून आला होता. मग जाहिरात का दिली, असं त्याने विचारलं, आणि ते बरोबरच होतं.

“जाहिरात लिहिली तेव्हा मला थंडी वाजत होती,” वहिनी इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्याला जेवायला आत बोलावलं.