पदर धरलेला हात

माझ्यासारखंच ऑपरेशन झालेल्या, शेजारच्या खाटेवरच्या शकुंतलामावशी नसत्या, तर मी दवाखान्याजवळच्या या धर्मशाळेच्या गच्चीवर आलेच नसते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या आम्ही बायका तिथं सकाळी सावकाश श्वास घेत हात वर करतो. माझा खांद्यापाशीच अडतो. नुसती चिडचिड होते. गावाकडं भाकऱ्या थापणारा हात हा!

आज पाहिलं, प्रत्येकीचा दुसरा हात छातीवरचा पदर धरून. रिकामी बाजू दिसेल म्हणून. चौथीत शाळा सुटली माझी, पण अशानं श्वास मोकळा व्हायचा नाही, एवढं कळतं.

"सोड गं तो पदर," मावशी मला म्हणाल्या, "पाहुणे आलेत का तुला बघायला?" आणि स्वतःचा कमरेला खोचला.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पदर सुटेना. स्वतःचाच राग आला.

मावशींचाही हात अजून अंबाड्यापर्यंत पोचत नाही. माझा पोचू दे, त्यांचा अंबाडा मीच घालीन.