दोन किलोंचं चिलखत

सरोज दोंदेने भांडून असं आयुष्यात काहीच मिळवलं नाही. जे मिळवलं ते गुपचूप कामाला लागून. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, ठाण्यात जिल्हा परिषदेत कारकुनी आणि घरात नाटकवेडा नवरा, एवढा तिचा संसार. नवऱ्याचं नाव गुरुदत्त. तोही ठाण्यातच एका सरकारी कचेरीत होता आणि दरवर्षीच्या आंतरकार्यालयीन नाट्यस्पर्धेत ज्याच्याशिवाय पडदा वर जात नाही, असं त्याचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. ते खोटं होतं असंही नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला हार्टचा झटका आला. माणूस वाचला, पण घरी आला तो निम्माच. बोलणं बंद, हसणं बंद. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. पूर्वी तो आंघोळीला गेला तरी आतून दोन-तीन पात्रांचे संवाद ऐकू येत. आता नळ गळला तर तेवढाच आवाज. सरोजला नवऱ्याच्या बडबडीचा पंधरा वर्षं राग आलेला होता. त्या रागाचीसुद्धा सवय असते, हे तिला तेव्हा कळलं.

त्या वर्षी पाण्याचा खडखडाट होता. खाली अंगणातल्या नळाला सकाळी तासभर पाणी, वर टिपूस नाही. आधी बादल्या गुरुदत्त चढवायचा. आता डॉक्टरांनी उचलाउचली बंद केली होती, म्हणून सरोज चढवू लागली. पाणी, दळणाचा डबा, रॉकेलचा कॅन, सगळं. ती कधी कुरकुरली नाही. कुरकुर ऐकून त्याचं हृदय अजून बिघडलं तर काय घ्या!

ऑक्टोबरात आनंद घरी आला. हा गुरुदत्तच्या कचेरीतला, वयाने पंधरा वर्षांनी लहान, पण नाटक लिहायचा आणि बसवायचाही. नव्या नाटकात म्हातारा किल्लेदार होता. शेवटच्या प्रवेशात तो जखमी अवस्थेत, अंगावर चिलखत घालून गडाच्या पायऱ्या चढून येतो आणि किल्ल्या धन्याच्या स्वाधीन करतो.

"दादा, तुम्ही नाही म्हणालात तर मी ते पात्रच काढून टाकतो," आनंद म्हणाला.

"करतो," गुरुदत्त म्हणाला.

चहाची कपबशी घेऊन येणारी सरोज दारातच थबकली. पाच महिन्यांत त्याच्या तोंडून जिवंत माणसासारखा निघालेला हा पहिला शब्द होता. पाठोपाठ आनंदने सांगितलं की चिलखत मुंबईहून भाड्याने आणायचं, पत्र्याचं आहे, अस्सल दिसतं, वजन साधारण अकरा किलो. सरोजने कपबशी त्याच्यापुढे टेकवली. नको म्हणावं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. हो म्हणावं तर त्याच्या छातीवर अकरा किलो पत्रा चढणार.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. "काम करू द्या त्यांना, बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "फक्त ओझं नको."

"ओझं म्हणजे किती?"

डॉक्टरांच्या दारात बारा पेशंट बसले होते. "दोन किलोंच्या वर नको म्हणा," असं म्हणून त्यांनी पुढच्याला हाक मारली. आकडा त्यांनी तोंडाला येईल तो सांगितला असणार. सरोजने मात्र तो हायकोर्टाच्या निकालासारखा घरी आणला.

तिच्या आईला कागदाच्या टोपल्या करता यायच्या. रद्दी दोन दिवस भिजवायची, मेथीदाण्याबरोबर कुटून तिचा लगदा करायचा, उपड्या भांड्यावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. मेथीच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, आणि वर्षानुवर्षं टोपली हलत नाही. टोपली होते तर चिलखत का होऊ नये, असा सरोजचा साधा हिशेब. तिने सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ उपडं घातलं आणि थापायला सुरुवात केली.

आठ दिवसांनी घंगाळावरून जे उतरलं ते एखाद्या तृप्त सावकाराचं पोट होतं. गुरुदत्तने ते छातीशी धरून आरशात पाहिलं आणि हसला. खुर्चीत बसावं लागलं एवढा हसला. सरोजला इतकं बरं वाटलं की फुकट गेलेल्या आठ दिवसांचं काहीच वाटलं नाही.

मग तिने त्यालाच स्टुलावर बसवलं. बनियनवर जुनी साडी घट्ट गुंडाळली आणि खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या त्याच्या छातीपाठीवर आडव्या-उभ्या चिकटवल्या. ओला कागद दाबताना तिचा तळवा डाव्या बाजूला जरा जास्त वेळ राहिला. आतलं हृदय ठोके देत होतं. आजारपणानंतर तिने तिथे हात ठेवलाच नव्हता, भीतीने. "थंड लागतंय का?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि दोघंही उगाच कॅलेंडरकडे बघत राहिली.

कागद सुकल्यावर तिने दोन्ही कुशींतून कापून पुढचा आणि मागचा असे दोन साचे मोकळे केले आणि त्यांच्यावर लगदा थापला. या वेळी माणसाची छाती दिसत होती. फक्त तालमीत दोन तास घाम लागला की ती पापडासारखी मऊ पडायची.

उपाय जनीने सुचवला. जनी म्हणजे खाडीकडची कोळीण, दर बुधवारी या घरी मासळी घेऊन यायची. गॅलरीत वाळत टाकलेलं धड बघून आधी ती दचकली, मग म्हणाली, "माजा भाव नाथा माजिवड्याला फायबरच्या टाक्या न खाडीतल्या होऱ्या बनवतो. त्याचं पानी लावलं का फडकं पन दगड होतं, बाय."

सरोज पुढच्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर चादरीत गुंडाळलेलं नवऱ्याचं धड काखेत मारून रिक्षाने माजिवड्याला गेली. नाथा पन्नाशीचा, केस पिकलेला, हातांना खोबरेल तेल चोपडलेला. काचेच्या तंतूंची खाज सुटू नये म्हणून ते लोक तेल लावतात. जनीच्या त्या 'पान्या'च्या, म्हणजे रेझिनच्या वासाने सरोजचे डोळे चुरचुरले. नाथाने धड उलटंसुलटं केलं, बोटाने वाजवलं आणि आठवड्याने या म्हणाला.

आठवड्याने ती गेली तेव्हा छातीचा भाग अंगणात उताणा ठेवलेला होता आणि त्यात काठोकाठ पाणी भरलेलं होतं.

"कालपासून भरलंय," नाथा अभिमानाने म्हणाला. "थेंब गलत नाय. तीन थर मारलंय वैनी. समिंदरात टाका, बुडाचा नाय."

सरोजने पाणी ओतून तो भाग उचलला आणि तिचा खांदा खाली आला. एकटी छातीच चार किलोंच्या वर होती. पाठ, खांदे, हात अजून व्हायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "नाथाभाऊ, नाटकात घालायचंय हो ते! खाडीत सोडायचं नाहीये!"

नाथाला ते लागलं. तीस वर्षं त्याने जे बनवलं होतं ते पाण्याशी झुंजायला बनवलं होतं, आणि पातळ काम म्हणजे त्याच्या लेखी बेइमानी. "पातल काम आमी करत नाय. दुसरा मानूस बगा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून ब्रश धुवायला लागला.

सरोज तिथेच एका उपड्या टाकीवर बसली आणि तिला रडू आलं. मग तिने सगळं सांगितलं. हार्टचा झटका, खुर्ची, भिंत, दोन किलो. नाथाने ब्रश खाली ठेवला.

"हे पयलं सांगाचं होतं ना, वैनी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी समजलो, मर्द गडी घालनार."

नवा साचा करायला सरोजला दहा दिवस लागले. या खेपेस तिने लगद्यावर लाखेचं पॉलिश चढवलं, म्हणजे कागद रेझिन पिणार नाही. नाथाने काचेच्या तंतूंच्या, ओढणीसारख्या तलम मॅटचा एकच थर दिला. तो कडक झाल्यावर दोघांनी मिळून आतला लगदा ओला करून, भोपळ्याचा गर काढतात तसा, चमच्याने खरवडून काढला. कागद उरला तो नखाएवढ्या जाडीचा. खांदे आणि हातही तसेच केले. शिरस्त्राण मात्र निव्वळ कागदाचं ठेवलं. वर चंदेरी पावडर, कडांना काळं बूटपॉलिश आणि चांभाराकडून लावून घेतलेले चामड्याचे पट्टे. कोपऱ्यावरच्या वाण्याने सगळं तराजूत घातलं. एक किलो नऊशे. सरोजने वाण्याकडून पुन्हा एकदा मोजून घेतलं.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण तालमीत नवीनच पंचाईत झाली. दुरून चिलखत पोलादी दिसत होतं आणि आतला किल्लेदार टुणटुणीत चालत होता. आनंद कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, पंधरा वार झालेला माणूस आहे हा. तुम्ही दूध आणायला निघाल्यासारखे चढताय!" चार तालमी झाल्या, तरी तेच. शेवटी आनंद चाचरत म्हणाला, "शेवटच्या प्रवेशापुरतं पत्र्याचंच घालू या का? दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

कोपऱ्यात बसलेल्या सरोजने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुदत्त तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला प्रयोगापर्यंत वेळ दे." पण घरी तो काही करताना दिसेना. ना आरशासमोर उभा राही, ना येरझाऱ्या घाली. आपला दाराशी खुर्चीत बसून असे.

जानेवारीत ठाण्याला प्रयोग झाला. आनंदने पत्र्याचं चिलखत मागवून विंगेत पोत्यात ठेवलं होतं, सरोजने ते डोळ्यांनी पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत येऊन बसली, पण नाटकात काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटचा प्रवेश सुरू झाला. उजवीकडून किल्लेदार आला, आणि तिला चामड्याचे पट्टे दिसले. तिचंच चिलखत होतं. ती देवाचं नाव घेणार, एवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं.

गुरुदत्तचं पाऊल उचलत नव्हतं. पहिल्या पायरीवर त्याचा उजवा खांदा खाली गेला. दुसरीवर त्याने गुडघ्यावर हात रोवला. तोंड उघडं, मान ताठ. सरोज खुर्चीतून अर्धी उठली. हा अभिनय नाही, याला काहीतरी होतंय, पडदा पाडा असं ओरडायला तिने तोंड उघडलं. आणि तेवढ्यात किल्लेदार मधल्या चौथऱ्यावर थांबला, मनगटाच्या उलट्या बाजूने त्याने वरच्या ओठावरचा घाम पुसला, तोंडातल्या तोंडात हुश्श केलं, किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला आणि उरलेल्या पायऱ्या वर न बघता चढू लागला.

सरोज खाली बसली. ही चाल तिची होती. मनगट तिचं, हुश्श तिचं, हात बदलायची जागासुद्धा तिची. जिन्याच्या मधल्या मजल्यावर बादली या हातातून त्या हातात घेताना ती रोज सकाळी हेच करायची, आणि आपल्याला कोणी बघत नाही असं तिला वाटायचं. आजूबाजूला टाळ्या पडत होत्या. तिला नीट दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते.

आत जाऊन तिने त्याचे पट्टे सोडायला घेतले. बाकीचे मुद्दाम जरा लांब गेले.

"मला वाटलं, तुम्ही भिंत बघता," ती म्हणाली.

"दार उघडं असतं की. त्यातून जिना दिसतो," गुरुदत्त म्हणाला. "जिन्यावर तुझं पाऊल थांबलं की मलाही धाप लागायची."

"मग एकदा तरी बोलायचं होतंत!" तिचा आवाज पुन्हा चढला.

"काय बोलणार, सरोज? 'आण' म्हणवत नव्हतं, आणि 'ठेव, मी आणतो' म्हणायची सोय नव्हती."

तिने शेवटचा पट्टा सोडला. त्याचा बनियन घामाने भिजला होता. तिने पदराने त्याची मान पुसली आणि म्हणाली, "उद्यापासून मधल्या मजल्यावर येऊन उभे राहत जा. मी दम खाईपर्यंत काहीतरी बोला माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखरच येऊन उभा राहिला आणि आनंदच्या नाटकातल्या चुका सांगायला लागला. सरोजने बादली टेकवली आणि भिंतीला पाठ लावून ऐकत राहिली.