पर्सवरचा हात

"आज कुणावर राग आहे?"

गाडी सुरू करायच्या आधी, सीटबेल्ट लावता लावता आपा हे विचारायच्या. मी रोज "नाही" म्हणायचे आणि "मग यल्ला, निघू या" म्हणत त्या गाडी काढायच्या. आपा मूळच्या कोकणातल्या, तेव्हा हा तिकडचा काहीतरी शकुन असावा, असं मला बरेच दिवस वाटायचं.

शारजातल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर, मी सातव्या. दुबईतल्या जबल अलीच्या एकाच गोदामाच्या ऑफिसात आम्ही दोघी कामाला, त्यामुळे माझं जाणं-येणं त्यांच्याच गाडीतून. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास शेजारी बसूनही मी फारसं बोलत नसे. माझ्यासारखी माणसं तुम्ही पाहिली असतील. एसीचा झोत थेट डोळ्यांत आला तर आम्ही डोळे मिटून घेतो. झोत वळवा म्हणत नाही.

त्या सुमारास लिफ्टमध्ये एक माणूस भेटायला लागला. संध्याकाळी मी आत शिरले की तोही शिरायचा, बटण मात्र दाबायचा नाही. आपा दुसऱ्यावर उतरल्या तरी आतच राहायचा, सातव्यावर माझ्यामागून उतरायचा आणि मी घरात जाईपर्यंत मोबाइल बघत उभा राहायचा. मी हे फक्त पुण्याला आईला सांगितलं, तेही "एक शेजारी जरा विचित्र आहे" इतकंच. आईला उरलेलं कळलं. मी सुट्टीहून परतताना तिने माझ्या बॅगेत नवा कुकर घातला. इथे येऊन उघडला, तर आत मोज्यात गुंडाळलेला मिरचीचा स्प्रे.

असली वस्तू इथे बाळगणं गुन्हा आहे, हे मी गुगलवर नीट वाचलं. मग तो पर्समध्ये टाकला.

गुप्तहेर म्हणून माझी कारकीर्द फार वाईट होती. दर मिनिटाला मी पर्स चाचपायचे. पोलिसांची गाडी दिसली की इतकी ताठ बसायचे की त्यांनी मलाच आधी उतरवलं असतं. स्प्रेचं तोंड नक्की कुठल्या बाजूला, हेही ठाऊक नव्हतं. वेळ आली असती तर तो आणि मी, दोघंही रडत सातव्यावर उतरलो असतो.

एका सिग्नलला आपांनी विचारलं, "काय आहे पर्समध्ये?"

"लिपस्टिक."

"लिपस्टिक कुणी इतकी चाचपत नाही. माझाही हात असाच जायचा."

मग त्यांनी सांगितलं. रायगडच्या किनाऱ्यावर त्यांच्या नवऱ्याचा बर्फाचा कारखाना होता. नवरा गेल्यावर तो त्या चालवायच्या. रोकड घेऊन खाडीकाठच्या सुनसान रस्त्याने एकटीने घरी यायचं, म्हणून रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. ते रोज नेत मात्र नसत. सकाळी कपाटासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं, आज कुणावर राग आहे? असला, तर रिव्हॉल्व्हर कपाटात आणि रोकड कारखान्यात.

"एकदा दिराशी कारखान्यावरून मोठं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी ते नेलं नाही. त्याच दिवशी रस्त्यात त्याने मला अडवून हात पिरगळला. दुसरा हात पर्समध्ये गेला होता, बेटा. आत चाव्या निघाल्या, नि वेलची." त्यांनी आरशात बघून लेन बदलली. "आता त्याची नातवंडं व्हिडिओ कॉलवर मला दादी म्हणतात."

"आणि भीती वाटली तर?"

"भीती वाटली की मी पळायचे. रागात पळायचं सुचत नाही. तुझा राग कुणावर?"

लिफ्टमधल्या माणसावर, असं म्हणणार होते. तोंडातून आलं, "माझ्यावरच. मला साधं विचारतासुद्धा येत नाही." मग अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सगळंच बाहेर पडलं.

त्या संध्याकाळी आपा दुसऱ्यावर उतरल्या नाहीत. तो माणूस लिफ्टमध्ये होताच.

"भाईसाब, कौनसा फ्लोर?" त्यांनी विचारलं. तो मोबाइलच बघत राहिला, तर त्याच आवाजात पुन्हा विचारलं. तो चार म्हणाला. मित्राकडे आलोय, म्हणाला. मित्राचं नाव काय, यावर मात्र तो चौथा मजला येईपर्यंत विचारच करत राहिला. आपांनी लगेच खाली जाऊन वॉचमनला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्प्रे जमा करायला पोलीस ठाण्यात नेलं. मी एक अरबी वाक्य रात्रभर पाठ केलं होतं. ते तसंच, न बोलता परत आणलं. अधिकाऱ्याने आधी आम्हाला चांगलंच झापलं, मग स्प्रेचा डबा ड्रॉवरमध्ये टाकत म्हणाला, "मम्मी को बोलो, अचार भेजो."

तो माणूस मला आणखी एकदाच दिसला. "कौनसा फ्लोर?" मी विचारलं. माझा आवाज मेट्रोतल्या घोषणेसारखा आला, पण आला. तो पहिल्यावरच उतरला.

गेल्या वर्षी आपा कायमच्या गावी परतल्या. गाडी मला देऊन गेल्या. विमानतळावर मी विचारलं, इथे येताना गावच्या ठाण्यात जमा केलेलं रिव्हॉल्व्हर आता सोडवणार का? त्यांनी पर्सवर हात ठेवला. ती दिराच्या नातवंडांच्या चॉकलेटांनी फुगली होती. "जागा कुठाय?" म्हणाल्या.

मग सवयीने विचारलं, "आज कुणावर राग आहे?"

"आहे," मी पहिल्यांदाच म्हणाले. "तुमच्यावर. जाताय म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आज गाडी चालवू नकोस. टॅक्सीने जा."

मी टॅक्सीने गेले. एसीचा झोत थेट डोळ्यांत येत होता. "भाईसाब, ज़रा घुमा दीजिए," मी म्हणाले.

त्याने लगेच झोत वळवला. डोळे मात्र घरापर्यंत तसेच ओले होते.