मल्लिनाथ डॉक्टरांचा हात

जनावराच्या घशात दुर्बीण घालण्याआधी मल्लिनाथ डॉक्टर ती मालकाच्या तळहातावर धरायचे. समोरच्या पडद्यावर त्याच्या हाताच्या रेषा, भेगा आणि भेगांत बसलेली माती भलीमोठी होऊन दिसायची. "बघा, ही तुमची भाग्यरेषा. चांगली हाय. आता तुमच्या म्हशीची बघू," असं म्हणून ते कामाला लागायचे. मालक हसायचा आणि हसता हसता त्याची अर्धी भीती जायची. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी जळकोटला, हमरस्त्याकडेच्या त्यांच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझाही हात असा पडद्यावर आला होता. "बारीक हाय बाई तुमचा हात. अडलेल्या गाईला बरा," एवढंच ते म्हणाले. ना या, ना बसा.

दुर्बीण म्हणजे एंडोस्कोप. बोटाएवढी जाड, काळी, वळवावी तशी वळणारी लांब नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. सोलापुरातल्या माणसांच्या एका दवाखान्यानं ती जुनी झाली म्हणून काढली आणि आमच्या डॉक्टरांनी ती नव्या नवरीसारखी घरी आणली. खोलीची मांडणी त्यांनी स्वतः केली. जनावर अडकवून उभं करायच्या लोखंडी खोड्यासमोर पडदा टांगला, उन्हाची तिरीप नको म्हणून खिडकीला सतरंजी लावली आणि मधेच वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर बसवला. "लाईटचा भरवसा न्हाय, जनावराचा न्हाय. निदान आपला तरी असावा," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं, "आत बघितल्याबिगर बोलायचं न्हाय." एकदा एका शेतकऱ्याची गाय आली. तोंडातून लाळ गळत होती, पोट फुगत चाललं होतं. सोबत आलेल्यांपैकी कुणी म्हणत होतं जंत, कुणी म्हणत होतं नजर, एक जण तर साप चावला म्हणून खात्रीनं सांगत होता. डॉक्टर कुणाशीच वाद घालत बसले नाहीत. पोटातला वायू आधी मोकळा केला, मग गाईच्या तोंडात लाकडी ठोकळा बसवून नळी आत सोडली. पडद्यावर गुलाबी अन्ननलिका उघडत गेली आणि तिच्या टोकाला, केसाळ, पिवळी, आंब्याची कोय! "व्हय की वो! कोयच हाय की!" मालक ओरडला. डॉक्टरांनी तारेचा फास कोयीभोवती टाकला आणि ती इतक्या हळू ओढत आणली, की बघणाऱ्यांचेच श्वास अडकले. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. तुळजापूर, उमरग्याकडची माणसं जनावरं घेऊन आमच्याकडे यायची ती या हातासाठी.

दिवसाचं काम संपलं की नळी ते स्वतःच धुवायचे. यंत्राला जोडायच्या टोकावर आधी एक रबरी टोपी घट्ट बसवायची आणि मगच टबात बुडवायची. टोपी विसरली तर पाणी आतल्या तारांत शिरतं आणि दुर्बीण कायमची आंधळी होते. हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मी वैतागायची. सांगायला हवं होतं ते दुसऱ्याच माणसाला.

ते माणूस म्हणजे गंगाक्का, डॉक्टरांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणायची, "हिचा हात लागला की वाटोळं." लग्नकार्यात ती मागच्या चुलीपाशी बसायची, हळदीकुंकवाच्या ताटाला शिवायची नाही. डॉक्टरांनी दवाखाना काढला आणि पहिल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायला तिलाच बोलावलं. "अय्यो मल्लू, मी कशी करू?" म्हणून ती रडायला लागली. "तूच करायचीस. न्हायतर पूजाच न्हाय," हे अडून बसले. तिनं डोळे पुसून कात्र्यांना, चिमट्यांना कुंकू लावलं. दवाखाना चालला, नुसता चालला नाही, धावला. पुढं आक्काच आल्यागेल्याला ऐकवू लागली, "माझ्या हातची पूजा हाय, म्हटलं!" हे सगळं मला तिनंच सांगितलं, ज्वारीच्या भाकरी थापता थापता.

मी रुजू झाल्यानंतरच्या एका खंडेनवमीला डॉक्टर आणि मी सकाळीच एका अडलेल्या म्हशीला बघायला गेलो होतो. परत आलो तर दवाखाना लखलखत होता. पूजेआधी हत्यारं धुवायची असतात. भाऊ नळीला टबात आंघोळ घालतो, हे आक्कानं रोज पाहिलेलं होतं. टोपी काही तिच्या नजरेत भरलेली नव्हती. तिनं अख्खी नळी टबात बुडवून काढली होती, स्वतःच्या धुतलेल्या लुगड्यानं पुसली होती आणि कुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. बाजूला ती नव्या लुगड्यात उभी. डॉक्टरांनी नळी उचलली. जोडणीच्या टोकातून पाण्याची बारीक धार फरशीवर पडली.

मी तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते मिटलं. त्यांनी हात जोडले, आक्काच्या पाया पडले. "लई झकास केलीस आक्का," म्हणाले. ती नैवेद्य आणायला आत गेल्यावर त्यांनी यंत्र जोडलं. पडदा राखाडी झाला आणि राखाडीच राहिला. थोड्या वेळानं ते मागच्या दारी जाऊन म्हणाले, "आक्का, माझ्या हातनं निसटलं गं. फरशीवर आदळलं." आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "आत्ता पुजलं आणि आत्ता पाडलंस व्हय? लक्ष कुठं असतं तुझं?"

मी नंतर चिडून म्हटलं, "सर, आपोआप बिघडलं म्हणायचं होतं!" त्यावर ते म्हणाले, "आजच पुजलं आणि आजच आपोआप बिघडलं? मग तिला काय वाटंल, बाई? पडलं म्हटलं की दोष पाडणाऱ्याचा." मग म्हणाले, "तुमीबी कुठं बोलायचं न्हाय." दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. आत पाणी शिरलेली दुर्बीण कपाटात तशीच टांगलेली राहिली.

गावात बातमीला पाय लागतात. डॉक्टरांच्या हातून मशीन पडली. मग डॉक्टरांचा हात कापतो. मग त्यांना दिसतही नाही म्हणे. आक्का तर येईल त्याला सांगायची, "आमचा मल्लू हाताचा ढिला झालाय." तिच्या रागात माया होती, पण ऐकणारे माया कशाला उचलतील? ज्यांची गाय डॉक्टरांनी कोय काढून वाचवली होती, तेच गृहस्थ एकदा तिची कालवड घेऊन आले. कालवड अडली होती, पोट उघडून वासरू काढायचं होतं. त्यांनी डॉक्टरांकडे न बघता मला म्हटलं, "बाई, तुमीच करा. त्यांना नगं." मी काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरांनी बॅटरी उचलली आणि माझ्या हातावर उजेड धरून उभे राहिले. टाके पूर्ण होईपर्यंत तो उजेड इकडचा तिकडे हलला नाही. गृहस्थांचं त्याकडे लक्ष नव्हतं. मला मात्र टाके घालताना धड दिसेना.

डॉक्टर गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. दिवसकार्याला आलेली माणसं हळहळत होती, "सोन्यासारखा माणूस. शेवटी हात गेला बघा त्यांचा." मी ते ऐकून घेतलं. डॉक्टरांचा मला अजून राग येतो. इतकी वर्षं कमावलेलं नाव माणसानं असं एका सकाळी देऊन टाकावं? आणि ज्या माणसासाठी दिलं, त्याला कळूही नये?

आता दवाखाना मी चालवते. नवी दुर्बीण आणली आहे. यंदाच्या खंडेनवमीला आक्काला बोलावलं. ती येण्याआधी नळी मीच धुतली, पुसली आणि तरीही टोपी घट्ट बसवून ठेवली. पूजा झाल्यावर टोपी काढून नळी यंत्राला जोडली आणि आक्काचा हात मी कॅमेऱ्याखाली धरला. भाकरीच्या चटक्यांचे डाग, कुंकवानं भरलेल्या रेषा, सगळं पडद्यावर आलं. आक्का कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्या हाताला सगळे वाटोळं करणारा हात म्हणायचे, बाई," ती म्हणाली. "पर एकबी वस्तू बिघडली न्हाय माझ्या पूजेनं. ती एक दुर्बीण तेवढी गेली, तीबी मल्लूनं पाडली म्हणून. तू जपून वापर हां. त्याच्यासारखं करू नगंस."

"व्हय आक्का," मी म्हटलं.